तेविसावी वही

तेविसावी वही पेन्सिलीने लिहिलेली होती. आधीच्या बावीस निळ्या शाईने. अक्षर तेच, समासही तोच, डावीकडून दोन सेंटिमीटर, पट्टीने आखलेला. पण या वहीच्या पानावरून बोट फिरवलं की किंचित खरखर लागायची, कारण कागद जागोजाग खोडरबराने घासला गेला होता. एका पानावर मी मोजलं. चौदा ठिकाणी खोडलं होतं. आधीच्या बावीस वह्यांत मिळून एकही खाडाखोड मला आठवत नव्हती.

"बघतीस काय नुसती? वाच," आण्णा म्हणाले.

शुक्रवारची दुपार होती. साल दोन हजार, महिना डिसेंबर. आण्णा साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते आणि पहिली पाळी संपवून आले होते. शर्टाला मळीचा वास होता. मी पंचवीस वर्षांची होते. गावातल्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवत होते आणि बुद्धिबळात महिलांच्या राज्य स्पर्धेत तीनदा दुसरी आले होते. मी सात वर्षांची असताना आण्णांनी माझ्यासाठी बुद्धिबळाच्या चालींची पहिली वही लिहायला घेतली. त्या दिवसापासून त्यांनी स्वतः एकही स्पर्धा खेळली नव्हती.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"उद्या-परवाच्या पाच फेऱ्या."

मला वाटलं, ते गंमत करताहेत. आण्णा गंमत करत नसत, हे लक्षात यायला दोन सेकंद लागले.

उद्यापासूनची स्पर्धा मुजावर सरांची होती. सर हायस्कुलात गणित शिकवायचे आणि आमचं बुद्धिबळ मंडळ चालवायचे. त्यांचं म्हणणं असं, की पाठांतराने खेळाचं वाटोळं केलं आहे. पहिल्या पंधरा चाली सगळे पुस्तकातून खेळतात आणि सोळाव्या चालीला घाबरतात. म्हणून त्यांनी नवा प्रकार आणला होता. प्यादी नेहमीसारखीच. मागच्या रांगेतले मोहरे मात्र दर फेरीला वेगळ्या क्रमाने लावायचे, दोन्ही बाजूंना सारखेच. अटी दोनच. राजा दोन हत्तींच्या मध्ये कुठेतरी असावा, आणि दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवर असावेत. एवढं पाळून नऊशे साठ मांडण्या होतात. नऊशे साठ मांडण्या कोणी पाठ करत नाही.

मागच्या वर्षी सरांनी मांडणी चिठ्ठ्या टाकून काढली होती. तेव्हा बँकेतले चौगुले म्हणाले, की सरांनी चिठ्ठ्यांना खुणा केल्या आहेत. सर दुखावले. या वर्षी त्यांनी मला सांगितलं, "शैला, हे काम यंत्राला दे. त्याला गावात कोणी नातेवाईक नाही."

मी जुना कॉम्प्युटर घेतला होता, त्यावर प्रोग्रॅम लिहिला. वीस-एक ओळींचा. रोज संध्याकाळी कॉलेजातून आल्यावर तपासायचे. आण्णा मागे खुर्चीत पेपर वाचत बसलेले असायचे.

"तू चालू केलंस की पहिली मांडणी कायम एकच येती," आण्णा म्हणाले. "दोन्ही घोडे कोपऱ्यात, मध्ये राजा आणि वजीर. मग दुसरी. मग तिसरी. क्रम बदलत नाही. मी दहा दिवस बघून खात्री केली, मग वही घेतली."

मी उठून यंत्र चालू केलं. दोन्ही घोडे कोपऱ्यात आले. बंद करून परत चालू केलं. दोन्ही घोडे कोपऱ्यात.

चूक काय होती ते मला लगेच कळलं, आणि संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या बाईने ती करावी याची लाजही वाटली. यंत्राला आपल्यासारखं फासे टाकता येत नाहीत. त्याच्यापाशी आकड्यांची एक लांबच लांब यादी असते. वाचायला कुठून सुरुवात करायची हे सांगितलं नाही, तर ते दर वेळी पहिल्या आकड्यापासून वाचतं. सांगायला एक ओळ लागते. ती मी लिहिली नव्हती. आणि इतके दिवस मी मांडण्या बघतच नव्हते. त्यांतल्या नियम मोडणाऱ्या किती, तेवढा आकडा बघत होते. तो शून्य होता, म्हणून मी समाधानी होते.

"आण्णा, हे बरोबर नाही."

"काय बरोबर नाही? मी कुणाचं कपाट फोडलं? डोळ्यासमोर होतं ते बघितलं. चौगुलेपण येऊन बघू शकला असता."

"चौगुले आपल्या घरी येत नाहीत."

"मग मी काय करू?" त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "हे बघ, चेअरमनसाहेब रविवारी बक्षीस द्यायला येणारायत. मी त्यांच्याशी बोललोय. तू पहिली आलीस तर कारखाना वर्षभराचं बघणार. प्रवास, कोच, सगळं. एक वर्ष नुसता खेळ. नोकरीचं बघायचं नाही, लग्नाचं बघायचं नाही. एवढंच वर्ष कमी पडलंय तुला."

माझ्या पर्समध्ये तेव्हा एक पत्र होतं. पुण्याच्या एका संशोधन संस्थेने मला पीएच.डी.साठी घेतलं होतं. जुलैमध्ये पत्र आलं होतं. मी 'घरी विचारून कळवते' असं लिहिलं. सप्टेंबरमध्ये परत लिहिलं. त्यांनी शेवटची मुदत येत्या सोमवारची दिली होती. घरी मी विचारलं नव्हतं. पत्र आल्याचंही सांगितलं नव्हतं. रोज कॉलेजात जाताना ते बरोबर न्यायचे आणि रोज परत आणायचे. त्याच्या घड्यांवर कागद आता विरला होता.

"वाचते," मी म्हणाले.

वाचली नाही. शनिवारी सकाळी आई चहा ठेवत होती तेव्हा यंत्रापाशी बसले आणि ती एक ओळ घातली. यादी कुठून वाचायची ते घड्याळ बघून ठरव, अशा अर्थाची. यंत्र तीनदा चालू-बंद केलं. तीन वेगळ्या मांडण्या आल्या. मग ते सायकलला बांधून हायस्कुलात नेलं. मॉनिटर मुजावर सरांनी स्कूटरवरून आणला.

पंधरा खेळाडू आले होते. पंधरा म्हणजे दर फेरीला एक जण रिकामा. मुजावर सर आण्णांना म्हणाले, "मगदूमसाहेब, बसा की तुम्ही. आकडा सम होईल."

"मी खेळत नाही, सर."

"खेळू नका. नुसते मोहरे हलवा."

लोक हसले. आण्णा बसले. मला वाटतं त्यांनी असा हिशेब केला असावा, की वाटेतला एखादा प्रतिस्पर्धी आपणच कमी केलेला बरा.

सरांनी बटण दाबलं. पडद्यावर मांडणी आली. घोडे कोपऱ्यात नव्हते. एका कोपऱ्यात उंट होता आणि राजा पार डावीकडे सरकलेला. आण्णांनी पडद्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग चष्मा काढून पुसला, परत घातला आणि आपल्या पटावर मोहरे मांडायला लागले.



त्या दोन दिवसांतल्या माझ्या खेळाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. पहिल्या डावात पहिली चाल करायला मला अकरा मिनिटं लागली. अठरा वर्षं मी पहिली चाल दोन सेकंदांत करत आले होते. सगळे मोहरे ओळखीचे आणि जागा अनोळखी. आपल्याच स्वयंपाकघरात कोणीतरी डबे हलवावेत तसं. तरीही मी जिंकले, कारण समोरच्याला तेरा मिनिटं लागली.

रविवारी जेवणाच्या सुट्टीत मुजावर सरांनी एक प्रयोग केला. त्याच कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळणारा एक प्रोग्रॅम होता, त्याला त्यांनी नुकत्याच झालेल्या फेरीची मांडणी दिली. एरवी तो पहिल्या दहा चाली झटपट टाकायचा, कारण त्याच्या पोटातही एक वही असते. इथे ती उपयोगाची नव्हती. पडद्यावर आकडे फिरत राहिले, चाल येईना.

"बघा, बघा! घाम फुटला त्याला!" सर टाळ्या वाजवत म्हणाले.

"सर, पंखा लावा त्याला," चौगुले म्हणाले.

"तुम्हाला लावू का? तुम्ही तर चार फेऱ्यांत दोन हरलाय."

आण्णा लांब उभे राहून पडद्याकडे बघत होते. प्रोग्रॅमने शेवटी एक प्यादं एक घर पुढे टाकलं. "घोडा काढायला पाहिजे होता," आण्णा पुटपुटले आणि पाणी प्यायला गेले.

चार फेऱ्या संपल्या तेव्हा माझे साडेतीन गुण होते. एक बरोबरी, चौगुल्यांशी. आण्णांचे चार होते. ते कसे झाले हे मी नीट बघितलं नव्हतं. मी माझ्या घड्याळाकडे बघत होते. पाचव्या फेरीत आम्ही समोरासमोर आलो.

रविवारी दुपारी तीनला डाव सुरू झाला. वजीर कोपऱ्यात, त्याच्या शेजारी उंट. पांढरे मोहरे माझे. सुरुवात ठीक झाली. विसाव्या चालीच्या सुमाराला आण्णांनी एक हत्ती देऊन माझी दोन प्यादी घेतली. मला वाटलं, चूक झाली. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. प्रयोगशाळेत उसाच्या रसाची नळी उजेडात धरून बघायचे तसं ते पटाकडे बघत होते.

पावणेसहाला त्यांनी हात वर केला.

"सर, आम्हाला उठाय लागेल."

सरांना माहीत होतं. आम्ही जैन; आमच्या घरी सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. डिसेंबरात सूर्य सहालाच मावळतो. आमच्या मंडळात त्यासाठी जुना रिवाज होता: ज्याची चाल असेल त्याने ती कागदावर लिहून पाकिटात बंद करायची, पाकीट पंचाकडे द्यायचं, जेवून येऊन डाव पुढे चालू. तोवर पटाला कोणी हात लावायचा नाही, कुणाला विचारायचं नाही.

चाल आण्णांची होती. सरांनी पेन पुढे केलं.

"पेन्सिल हाय," आण्णा म्हणाले. खिशातून काढली, हाताचा आडोसा करून लिहिलं, पाकीट चिकटवलं. सरांनी ते सदऱ्याच्या खिशात ठेवून वर हात ठेवला.

घर पाच मिनिटांवर होतं. आईने ताटं वाढूनच ठेवली होती. भाकरी, दोडक्याची भाजी, आमटी, ताक.

"लवकर बसा, बारा मिनिटं राहिलीत," ती खिडकीतून बघत म्हणाली. "कोण जिंकतंय?"

"चालू आहे अजून," आम्ही दोघंही म्हणालो.

"दोघं घरचेच की. मग तोंडं अशी का?"

मी ताटात बघत होते, पण डोळ्यांसमोर पट होता. माझा एक हत्ती जास्त होता. त्यांची दोन प्यादी शेजारी शेजारी, शेवटच्या रांगेपासून दोन घरांवर. ती धावली की वजीर होणार. पण त्यांचा राजा उघड्यावर होता. प्यादं पुढे टाकलं की मी हत्तीने शह देणार. ते राजा हलवणार. तेवढ्यात मी प्यादं मारणार. मी तीनदा मोजलं होतं. मी जिंकत होते. म्हणजे पहिली येत होते. म्हणजे चेअरमनसाहेब, आणि एक वर्ष. मला भीती वाटत होती, आणि ती हरण्याची नव्हती.

"ओळ घातलीस," आण्णा म्हणाले. डावाबद्दल बोलायला बंदी होती, याबद्दल नव्हती.

"हो."

"मला सांगायचं होतंस."

"तुम्ही ऐकलं नसतंत."

"ऐकलं नसतं," त्यांनी मान्य केलं. भाकरीचा तुकडा मोडला. "वही वाचलीस?"

"नाही. चाळली."

"चाळली." त्यांनी तुकडा आमटीत बुडवला. "तिसरी मांडणी बघायला पाहिजे होतीस. फार चांगली होती ती."

मी वर बघितलं. "आण्णा, पेन्सिलीने का लिहिलीत?"

"खोडाय लागत होतं म्हणून."

"आधीच्या बावीस वह्यांत नाही खोडलं."

"त्या उतरवलेल्या," ते म्हणाले. "पुस्तकातनं, मासिकातनं. लोकांनी केलेलं. ह्याच्यात कुणीच काही केलेलं नव्हतं. मलाच बघाय लागलं."

"किती दिवस लागले?"

"एकोणीस," आई मध्येच म्हणाली. ती ताक वाढत होती. "एकोणीस दिवस शीळ घालत होते. मी म्हटलं, यांना झालंय काय? लग्न झालं तेव्हा घालायचे. स्पर्धा खेळून आले की. नंतर नाही ऐकली कधी."

"उगाच काहीतरी," आण्णा म्हणाले.

"मी काय बहिरी आहे? भाकरी संपव, शैलू. पाच मिनिटं."

मी भाकरी संपवली. पाच मिनिटांत माणूस बराच हिशेब करू शकतो. मी पंचविसातून सात वजा केले. अठरा आले. मग बावीस वह्यांची पानं मोजायला घेतली आणि सोडून दिली.

सव्वासातला आम्ही परत पटाशी बसलो. चेअरमनसाहेब आले होते, पहिल्या रांगेत हार घालून. सरांनी पाकीट सगळ्यांना दाखवलं, फाडलं, वाचलं. मग परत वाचलं.

"राजा," सर म्हणाले. "राजा एक घर डावीकडे."

मागे कुणीतरी हसलं. "आण्णा, भूक लागली होती काय?" चौगुल्यांनी विचारलं.

"गप्प बसा, चौगुले," सर म्हणाले. पण त्यांनाही ती चाल कळलेली नव्हती, हे दिसत होतं. प्यादी वजीर व्हायला टेकलेली असताना, एक हत्ती कमी असताना, माणूस राजा एक घर बाजूला सरकवून बसला होता. आयती चाल मला दिल्यासारखं.

मी हत्ती उचलणार होते. उचलला नाही. शह देऊन बघितला, मनातल्या मनात. तो शह आता लागत नव्हता. राजा त्या रेषेतून बाजूला झाला होता. दुसरीकडून शह देऊन बघितला. तिथे त्यांचा उंट बघत होता. मला एक चाल फुकट मिळाली होती, आणि पटावरची कुठलीही चाल ती दोन प्यादी थांबवायला पुरत नव्हती. मी सगळ्या बघितल्या. पंचवीस मिनिटं बघितल्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती स्थिती मी फोनवरच्या प्रोग्रॅमला घातली. त्याने ती चाल चार सेकंदांत काढली. त्या वेळच्या माझ्या यंत्राला त्याच आठवड्यात विचारलं होतं. त्याने अर्धा तास मलाच जिंकवलं. आण्णांना ती पावणेसहाला दिसली होती, भूक लागलेली असताना, अठरा वर्षांनी.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पटाकडे बघत होते. त्यांचे ओठ गोल झाले होते. शीळ येत नव्हती, सभागृह होतं म्हणून. पण ओठ तसे होते. ते मला हरवत होते, माझं वर्ष हातचं घालवत होते, आणि त्यांना त्याचं भानच नव्हतं. मघाशी राजा एक घर हलवला याच्यापलीकडे जगात त्या क्षणी त्यांना काही नव्हतं. मला तसं कधीच झालं नव्हतं. एकदाही. मला बावीस वह्या पाठ होत्या.

मी माझा राजा आडवा केला आणि हात पुढे केला. आण्णांनी तो हातात घेतला, आणि मग त्यांना आठवलं. चेहरा उतरला.

"अगं," ते हळू म्हणाले. "मी... हरायला पाहिजे होतं. तू आठवण का नाही केलीस?"

"चाल चांगली होती, आण्णा."

"चाल चांगली होती," ते म्हणाले. "पण तुझं वर्ष..."

बक्षीस समारंभ लगेच झाला. आण्णांना ढाल मिळाली. ती त्यांनी कुणाचं तरी बाळ क्षणभर सांभाळायला घेतल्यासारखी धरली. चेअरमनसाहेब माइकपाशी आले. मी सुटले, असं मला वाटत होतं. हरल्यामुळे सगळं आपोआप मिटलं होतं; मला काही बोलावं लागणार नव्हतं. सोमवारी पुण्याला फोन करायचा आणि घरी सांगायचं, आता खेळात काही राहिलं नाही.

"मगदूम आमचे जुने केमिस्ट," चेअरमनसाहेब म्हणाले. "आज बापाने लेकीला हरवलं. हरवू दे! दुसरी आली म्हणून काय झालं? लेक आपलीच आहे. कारखान्याने शब्द दिलाय, तो माघारी घेणार नाही. वर्षभराचं सगळं आम्ही बघणार. शैलजानं फक्त खेळायचं."

टाळ्या झाल्या. आण्णांचा चेहरा उजळला. ते माझ्याकडे बघून मान हलवत होते, झालं, झालं बघ, अशी. ढाल त्यांनी खुर्चीवर ठेवून दिली होती.

"ये पुढे," मुजावर सरांनी मला खूण केली. "बोल की दोन शब्द."

मी उठले. पर्स खुर्चीवर ठेवली, मग परत घेतली. माइक माझ्या उंचीला नव्हता. सरांनी तो खाली केला, तो किंचाळला, लोकांनी कानांवर हात ठेवले. तो शांत होईपर्यंत मी थांबले. मग पत्र काढून हातात धरलं. उघडायची गरज नव्हती.

"चेअरमनसाहेब, तुमचे आभार," मी म्हणाले. मग मी आण्णांकडे वळले, कारण हे त्यांना सांगायचं होतं, आणि जुलैपासून सांगायचं होतं.

"आण्णा, मी खेळणार नाही. मी पुण्याला शिकायला जातेय, उद्या कळवणार आहे. ते वर्ष तुम्ही घ्या."